प्रागचे जुने घड्याळ : एक दुरुस्ती

लेखाच्या आरंभीच एक कबुली देते. गेली सात-आठ वर्षे इयत्ता दहावीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला मी एक गोष्ट सांगत आले आहे. युरोपातील प्राग नगरात हानुश नावाच्या एका कारागिराने एक अद्भुत घड्याळ घडविले. त्याने तसेच दुसरे घड्याळ अन्य कोणत्याही नगराला करून देऊ नये, म्हणून नगराच्या कारभाऱ्यांनी त्याचे डोळे काढविले. मग त्या आंधळ्या म्हाताऱ्याने कोणाचा तरी हात धरून मनोरा चढला, चालत्या चक्रांत हात घातला आणि घड्याळ बंद पाडले. ही गोष्ट ऐकताना वर्ग अगदी स्तब्ध होत असे, आणि शिक्षकाला त्यासारखे दुसरे सुख नाही. परंतु ती गोष्ट खरी नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत ते घड्याळ प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला आणि त्या निमित्ताने वाचन घडले, तेव्हा माझी चूक मला कळली. ज्यांना मी ती गोष्ट सांगितली त्यांतील बरीच मुले शाळा सोडून गेली आहेत. निदान हा अंक तरी त्यांच्या हाती पडावा.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त जर्मनीत ड्रेस्डेन येथे राहतो. तेथून प्राग आगगाडीने सुमारे अडीच तासांच्या अंतरावर. गाडी बराच वेळ एल्ब नदीच्या काठाने जाते. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, आणि थंडी अशी की आपल्याकडील पौषातली थंडी आठवून हसू यावे. जुन्या नगराच्या चौकात आम्ही पोहोचलो तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटे होती. नगरसभागृहाच्या मनोऱ्याखाली शे-दोनशे माणसे माना वर करून उभी होती.

हे नगरसभागृह १३३८ साली स्थापन झाले. त्याचा मनोरा सुमारे ७० मीटर उंच आहे, आणि घड्याळ आहे ते या मनोऱ्याच्या दक्षिणेकडील अंगाला. चेक भाषेत त्याला 'ओर्लोय' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'होरोलोगियुम'वरून आला. त्यातील 'होरा' म्हणजे तास हा मूळचा ग्रीक शब्द. आपल्या ज्योतिषातील 'होरा' हाही त्याच ग्रीक शब्दावरून आलेला आहे, आणि आपण कोकणीत तासाला 'वर' म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला, त्याचेही कूळ तेच. दोन निरनिराळ्या वाटांनी एकच शब्द आपल्या दारी आला आहे. असो.

बारा वाजले. तबकडीच्या बाजूला उभ्या असलेल्या हाडांच्या सापळ्याने दोरी ओढून घंटा वाजविली. हा सापळा म्हणजे मृत्यू. त्याच्या शेजारचा तुर्क आणि पलीकडचे दोघे, आरशात पाहणारा गर्विष्ठ व पैशांची थैली धरलेला कंजूष, 'नाही, नाही' अशा माना हलवू लागले. वरच्या दोन खिडक्या उघडल्या, ख्रिस्ताचे बारा शिष्य एकामागून एक डोकावून गेले, सोनेरी कोंबडा आरवला आणि मग मनोऱ्यातील मोठ्या घंटेचे ठोके पडले. सारे एका मिनिटाच्या आसपास आटोपले. खरे सांगायचे तर माझी थोडी निराशाच झाली. यात्रेतील बाहुल्यांचा खेळ याहून रंगतो. त्या कंजूषाविषयी मात्र सांगितले पाहिजे. मध्ययुगीन युरोपात ज्यू लोकांविषयी जो आकस होता, त्यानुसार ही बाहुली ज्यू सावकाराच्या रूपात घडविली गेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची दाढी काढून टाकण्यात आली. घड्याळावर वेळेबरोबर त्या त्या काळाचे पूर्वग्रहही कोरलेले असतात.

गर्दी पांगली. भाऊ म्हणाला, "ताई, चल आता, चहा घेऊ." परंतु माझे लक्ष तबकडीकडे गेले होते, आणि खरे नवल तेथेच आहे.

या तबकडीच्या मध्यभागी पृथ्वी आहे. ती आपल्या जागी स्थिर, आणि सूर्य, चंद्र व राशीचक्र तिच्याभोवती फिरणारे. घड्याळ बसविले गेले १४१० साली, आणि कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १५४३ साली. त्यामुळे ही रचना त्या काळच्या समजुतीस धरूनच आहे. तबकडीचा निळा भाग म्हणजे क्षितिजावरील आकाश. त्याच्या कडेला तांबूस पट्टे आहेत, ते उषेचे आणि संध्याकाळचे, आणि तळाशी काळा भाग, तो रात्रीचा. सूर्याची सोनेरी आकृती या रंगांतून दिवसभर प्रवास करते. ती निळ्या भागात असली की दिवस, तांबूस भागात आली की संधिकाळ. अक्षरशत्रू माणसालाही इतके सहज वाचता येते.

यापुढची गोष्ट अधिक अवघड व म्हणून अधिक गोड आहे. हे घड्याळ एकाच वेळी तीन प्रकारचे तास दाखविते.

पहिला प्रकार आपल्या ओळखीचा. तबकडीवर रोमन आकड्यांचे वर्तुळ आहे, त्यात एक ते बारा हे आकडे दोनदा येतात. वरचे बारा म्हणजे मध्यान्ह, खालचे बारा म्हणजे मध्यरात्र. सोनेरी हात त्यावरून फिरतो आणि मध्य युरोपची आजची वेळ सांगतो.

दुसरा प्रकार जुन्या चेक तासांचा. सर्वांत बाहेर काळ्या कड्यावर एक ते चोवीस असे जुन्या वळणाचे सोनेरी आकडे आहेत. येथे दिवस संपतो तो सूर्यास्ताला, आणि त्या क्षणी चोवीस वाजतात. सूर्यास्त ऋतूनुसार मागेपुढे होतो, म्हणून हे कडेच वर्षभर हळूहळू इकडेतिकडे सरकत असते. आम्ही पाहत होतो त्या दिवशी सूर्यास्त साडेचारच्या सुमारास होता. म्हणून दुपारी बारा वाजता जुन्या चेक रीतीने साडेएकोणीस वाजले होते. प्रथमदर्शनी हा विचित्र प्रकार वाटतो. परंतु ज्याच्या घरी दिवा महाग आणि ज्याला नगराची वेस बंद होण्यापूर्वी परतायचे, त्या शेतकऱ्याला किंवा गवंड्याला 'आता किती वाजले' यापेक्षा 'उजेड किती उरला' हेच हवे असते. साडेएकोणीस म्हणजे चोवीसला साडेचार कमी, अर्थात साडेचार तासांचा उजेड शिल्लक. आपला पंचांगातील दिवस सूर्योदयापासून मोजला जातो, त्यांचा सूर्यास्तापासून, इतकाच भेद.

तिसरा प्रकार आपल्याला सर्वांत जवळचा. तबकडीच्या निळ्या भागावर वक्र सोनेरी रेषा काढल्या आहेत व त्यांना एक ते बारा आकडे दिले आहेत. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा समान भाग केले म्हणजे हे तास मिळतात. त्यांना तेथे बाबिलोनी तास म्हणतात. दिवस मोठा तर तास मोठा, दिवस लहान तर तास लहान. प्राग पुष्कळ उत्तरेला असल्यामुळे तेथे जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरमध्ये आठ तासांच्या आसपास असतो. म्हणून असा एक 'तास' उन्हाळ्यात ८० मिनिटांहून मोठा आणि हिवाळ्यात जेमतेम ४० मिनिटांचा. गतवर्षी एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "बाई, राहुकाळ रोज थोडा थोडा का सरकतो? त्याची वेळ ठरलेली का नाही?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नव्हते. ते उत्तर मला प्रागच्या चौकात मिळाले! राहुकाळ मानावा की न मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न, परंतु त्याचे गणित हेच आहे. दिनमानाचे आठ समान भाग करावयाचे व वारानुसार त्यांतील एक घ्यावयाचा. गोव्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा व सर्वांत लहान अकरा तासांहून थोडा मोठा, म्हणून आपल्याकडे हा फरक थोडा; तेथे तो दुपटीचा.

हे सारे चालते कसे? घड्याळाच्या पोटात एकाच अक्षावर तीन मोठी दंतचक्रे आहेत. एकाला ३६५ दाते, दुसऱ्याला ३६६ आणि तिसऱ्याला ३७९. तिघांनाही २४ दात्यांची एकसारखी लहान चक्रे फिरवितात, आणि ती लहान चक्रे एकाच दांड्यावर बसविलेली आहेत. ३६६ दात्यांचे चक्र सूर्याचे. ते बरोबर २४ तासांत एक फेरा करते. आता त्रैराशिक मांडा. ३६५ दात्यांच्या चक्राला २४ × ३६५ ÷ ३६६, म्हणजे २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद लागतात. एखादी तारका आज जेथे दिसली तेथेच पुन्हा यायला बरोबर इतकाच काळ लागतो, आणि हे चक्र राशीमंडळ फिरविते. एका दात्याच्या फरकात सारे नक्षत्रगणित बसविले आहे. ३७९ दात्यांचे चक्र चंद्राचे. त्याचे उत्तर २४ तास ५१ मिनिटे येते. प्रत्यक्षात चंद्र रोज सरासरी सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो. आपल्याकडील कोणत्याही रापणकाराला विचारा, भरतीची वेळ रोज किती पुढे जाते ते तो हेच सांगेल. चक्राचा हिशेब दिवसाला सुमारे ४० सेकंदांनी चुकतो खरा, पण चक्रावर अर्धा दाता कापता येत नाही!

असे गणित करणारा कोण होता? आता माझ्या चुकीकडे येते. ९ ऑक्टोबर १४१० या तारखेचा एक लेख उपलब्ध आहे. त्यात काडान गावचा घड्याळजी मिकुलाश याच्या या कामाची प्रशंसा आहे. गणिताची बाजू प्रागच्या विद्यापीठातील खगोलज्ञ यान शिंडेल याने सांभाळली असावी, असे अभ्यासक मानतात. हानुश, अर्थात यान रूझे, हा त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, १४९० च्या सुमारास आला. त्याने घड्याळाची दुरुस्ती केली व त्यात भर घातली. पुढे सोळाव्या शतकात यान ताबोर्स्की नावाच्या एका निष्णात माणसाने हे घड्याळ सांभाळले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. त्या वर्णनात त्याने मूळ कर्तृत्व हानुशच्या नावे मांडले. माणूस जाणकार, म्हणून त्याची चूकही प्रमाण मानली गेली. डोळे काढल्याची दंतकथा अलोइस यिरासेक या लेखकाने १८९४ साली जुन्या चेक कथांच्या संग्रहात घेतली आणि ती घरोघरी गेली. विसाव्या शतकात १४१० च्या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले तेव्हा कोठे मिकुलाशला त्याचे घड्याळ परत मिळाले. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा तुम्ही ऐकलीच असेल. तिलाही इतिहासाचा आधार नाही. मोठे काम पाहिले की त्यामागे मोठे क्रौर्य कल्पिण्याची माणसाला खोड आहे, आणि त्या खोडीत खऱ्या कारागिराचे नाव मात्र बुडते.

खरे क्रौर्य या घड्याळाच्या वाट्याला आले ते दंतकथेतले नव्हे. मे १९४५ मध्ये महायुद्ध संपत आले असताना प्रागच्या नागरिकांनी जर्मन सैन्याविरुद्ध उठाव केला. ७ व ८ मे रोजी नगरसभागृहावर तोफांचा मारा झाला व आग लागली. शिष्यांच्या लाकडी मूर्ती जळाल्या, यंत्राची मोडतोड झाली. सभागृहाची एक संपूर्ण बाजू कोसळली. ती पुन्हा बांधली गेली नाही, आज तेथे हिरवळ आहे. वोयत्येख सुखार्दा या शिल्पकाराने नव्या मूर्ती कोरल्या, आणि १९४८ साली घड्याळ पुन्हा चालू झाले.

२०१८ साली मोठी दुरुस्ती झाली. विजेचे यंत्र काढून एकोणिसाव्या शतकातील यंत्रणा परत बसविण्यात आली, हे उत्तमच. खालच्या बाजूला योसेफ मानेस याने १८६६ साली रंगविलेली पंचांगाची तबकडी आहे. तीत वर्षाचे ३६५ दिवस आणि बारा महिन्यांची शेतीची कामे दाखविली आहेत. मूळ चित्र संग्रहालयात असते, घड्याळावर त्याची प्रतिकृती लावतात. या वेळच्या प्रतिकृतीत चित्रकाराने काही चेहरे, वये व पोशाख बदलल्याचे २०२२ साली लोकांच्या लक्षात आले आणि बराच गदारोळ उडाला. मला त्या गदारोळाचे कौतुक वाटले. नक्कल करताना एक चेहरा बदलणे आणि वर्गात गोष्ट सांगताना एक नाव बदलणे यांत फारसे अंतर नाही.

चहा घेऊन, पूल पाहून आम्ही पुन्हा चौकात आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. भावाला गाडीची घाई होती. सूर्याची आकृती निळा भाग ओलांडून तांबूस पट्ट्याच्या कडेला टेकली होती. सोनेरी हात बाहेरच्या कड्यावरील चोवीसच्या आकड्याजवळ पोहोचत होता. पलीकडच्या दुकानांत दिवे लागू लागले होते. भाऊ म्हणाला, "आता पाच वाजताच पुन्हा बाहुल्या येतील, तोवर काही नाही." मी त्याला दहा मिनिटे थांबायला सांगितले. चोवीस वाजलेले मला पाहायचे होते.