पेन माझं, पेपर त्याचा!

ऑफिसात डेडलाइन वाढवून मागताना आपण काय काय कारणं देतो! सर्व्हर डाउन होता, क्लायंटचा मेल उशिरा आला, लोकलचा घोळ झाला... आणि ती वाढवून मिळतेही. सवलत लाटली, असं कुणी म्हणत नाही. पण अंध विद्यार्थ्याला परीक्षेत तासामागे २० मिनिटं जास्त मिळतात म्हटलं, की कॅन्टीनच्या टेबलावर एक तरी जण बोलतोच, 'मजा आहे यार त्यांची!'

मजा? बसून बघा एकदा त्या खोलीत. मी बसलेय. एम.ए.च्या एका अंध विद्यार्थ्याची लेखनिक म्हणून. कॉलेजात सगळे 'रायटर'च म्हणतात. त्याचा विषय राज्यशास्त्र, मी बी.कॉम.! पण तेच बरं असतं. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी नियम घातला, की परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर लेखनिकाचं शिक्षण एक पायरी खालचं हवं. म्हणजे एम.ए.वाल्याला पदवीधर चालतो. खरी पंचाईत बी.ए.वाल्यांची. त्यांना हवं बारावी झालेलं कुणीतरी, आणि ती मुलं नेमकी त्याच दिवसांत स्वतःच्या परीक्षेच्या टेन्शनमध्ये!

तो जादा तास जातो कुठे?

तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. ऐकायला भरपूर वाटतो. पण हिशेब करा. प्रश्नपत्रिका मी मोठ्याने वाचणार, कोणता प्रश्न सोडवायचा ते ठरवायला पुन्हा वाचणार. मग तो सांगणार, मी लिहिणार. 'सार्वभौमत्व'मधलं 'भौ' लिहीपर्यंत तो पुढच्या वाक्यात. थांब म्हटलं, की त्याची लिंक तुटते. 'ताई, शेवटचं वाक्य वाच ना,' हे तर दर पानाला. आपण लिहिलेलं डोळ्यांनी बघतो, त्याला अख्खं उत्तर डोक्यात धरून ठेवावं लागतं. हा तास म्हणजे बोनस नाही, बॉस. आधीच खर्च झालेल्या वेळेची ती परतफेड आहे.

त्याच्या दुसऱ्या पेपरला हे पर्यवेक्षकांना पटलंच नाही. तीन तासांची घंटा झाली आणि ते उत्तरपत्रिका घ्यायला हजर. पत्र दाखवलं, फोनाफोनी झाली, परवानगी मिळाली. पण त्यात दहा मिनिटं गेली, ती गेलीच. त्या दिवशी त्याला लिहिलेलं एकदाही वाचून घेता आलं नाही.

तिसऱ्या पेपरला मात्र पूर्ण वेळ मिळाला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचं साल त्याने सांगितलं १९७८. आणीबाणीतली ही दुरुस्ती १९७६ची, एवढं मलाही माहीत. पण रायटरचा पहिला फंडा हाच, की सांगेल तेच लिहायचं. सुचवायचं नाही, खाकरायचंही नाही. हाताला कापरं भरलं, तरी १९७८च लिहिलं. शेवटच्या दहा मिनिटांत तो म्हणाला, 'सगळं वाच.' वाचता वाचता मी त्या ओळीवर आले आणि तो ओरडलाच, 'अगं ताई, शहात्तर! ७८ची चव्वेचाळिसावी!' आदल्या पेपरला हेच झालं असतं तर? मार्क गेले असते, आणि ते न वाचल्यामुळे गेले हे कुणाला कळलंही नसतं.

टक्क्यांचा घोळ

हे सगळं कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्याच्या कलम १७मध्ये जादा वेळ आणि लेखनिक दोन्ही लिहिलेत. २०१८च्या सूचनांनी तर ब्रेल, कम्प्युटर, मोठा टाइप असे पर्यायही दिले. पण गाडी अडायची ती ४० टक्क्यांवर. तेवढं अपंगत्व प्रमाणपत्रावर नसेल, तर लेखनिक विसरा! विकाश कुमार या उमेदवाराला 'रायटर्स क्रॅम्प', म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास. यूपीएससीने त्यांना लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ला सुप्रीम कोर्टात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर २०२२मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

आणि 'लिहून दुसऱ्याने दिलं, तर हुशारी कुणाची?' असं विचारणाऱ्यांसाठी एकच नाव. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील. दृष्टी नाही, पेपरला लेखनिक. यूपीएससीत २०१६ला ७७३वा क्रमांक, २०१७ला १२४वा, आणि थेट आयएएस. अक्षर दुसऱ्याचं होतं, उत्तरं त्यांचीच!

सीएल टाकायचीय?

• परीक्षार्थीला आधी भेटा. तुमचा वेग आणि त्याचा वेग जुळायला एक सराव पेपर हवाच.
• शिक्षणाची अट आणि कागदपत्रं त्या परीक्षेच्या ताज्या नियमांतून तपासा. परवानगीचं पत्र हातात असू द्या.
• हो म्हटलंत की हो. आदल्या रात्री 'बॉसने मीटिंग लावली' हे चालणार नाही. त्याचं वर्ष बुडू शकतं.
• डिग्री आड येतेय? मग पुस्तकं वाचून रेकॉर्ड करा, नोट्स टाइप करा. पानाचा नुसता फोटो स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, टाइप केलेला मजकूर येतो.
• सुरुवात कुठून? मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी केंद्र किंवा वरळीची 'नॅब', पुण्यात विश्रांतवाडीची 'निवांत'. नाहीतर तुमच्याच जुन्या कॉलेजात एक फोन करा. रायटर शोधणारं कुणीतरी तिथेही असेल.