उकिरड्याचे खत कसे होते?

स्मरणिकेत शेणावर लेख पाहून काही सभासद नाक मुरडतील. परंतु ज्यांच्या घरी अद्याप चार जनावरे व थोडी भातजमीन आहे, त्यांच्याशी आम्हांस याच विषयावर बोलावयाचे आहे.

दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना कुळगी लागते. भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान, आणि पाऊस विचारू नका. गोठ्यामागे उघड्यावर टाकलेल्या उकिरड्यातून आषाढात तांबूस-काळे पाणी वाहत ओढ्याला मिळते. घाण गेली असे लोकांस वाटते. वास्तविक वाहून जाते ते खत, आणि मागे राहतो तो चोथा. कारण पिकास हवे असणारे नत्र व पालाश पाण्याबरोबर सहज निघून जातात. त्यातही नत्राचा निम्म्याच्या आसपास भाग शेणात नसून मूत्रात असतो, आणि मूत्र तर आपण गोठ्यातच जिरू देतो.

या नासाडीवर उपाय शोधण्याचे काम इंदूरच्या संशोधन संस्थेत १९२४ पासून आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी केले आणि १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गोठ्यात कोरडी माती पसरावी, मूत्र शोषून घेतलेली ती माती काढून ढिगात घालावी, ही त्यांची साधी युक्ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. एरवी खड्डा चालतो. पण पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, म्हणून ढीग जमिनीवरच रचावा, असेही त्यांनी सांगितले. आपल्याकडे त्यावर झावळ्यांचे छप्पर हवेच. भोवती चर खणून झिरपणारे पाणी लहान खळग्यात घ्यावे व पुन्हा ढिगावर ओतावे.

नुसत्या शेणाचा ढीग मात्र करू नये. पेंढ्यात कर्ब फार व नत्र थोडे. शेणमूत्रात नत्र पुष्कळ. जिवाणूंना एक भाग नत्रास सुमारे तीस भाग कर्ब मानवतो. नत्र जास्त झाले की ते अमोनिया होऊन उडते. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे हवेत चाललेले खतच होय. रानातून पाला आणा, असे पूर्वी सहज सांगता आले असते. आता अभयारण्याच्या हद्दीत त्यावर बंधने आहेत. तेव्हा घरचा पेंढा, चिरलेल्या सुपारीच्या झावळ्या, केळीचे खुंट व परसातील तण यांवरच भागवावे. या वस्तू जाळणारे लोक पाहिले की आम्हांस वाईट वाटते.

थरावर थर देऊन रचलेला ढीग काही दिवसांत तापतो. आम्ही मुलांना ढिगात लोखंडी सळई खुपसून दाखवतो. थोड्या वेळाने ती काढून हात लावू दिला की मुले दचकतात! साठ अंशांच्या आसपासच्या या उष्णतेने तणाचे बी मरते. ढीग निवू लागला की उलथावा, म्हणजे आत हवा शिरते. इंदूर पद्धतीत तीनदा उलथणी होते व सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. उलथताना बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या अळ्या दिसल्यास वेचून माराव्यात. माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा अशाच ढिगात वाढतो.

मूठभर खत दाबल्यास हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. मातीसारखा वास येऊ लागला की ते शेतात न्यावे आणि पसरलेले त्याच दिवशी नांगराखाली घालावे. अर्धवट कुजलेले घातल्यास वाळवी व तण दोन्ही वाढतात.