आखातात नोकरी आणि ठरवून करायचे ऑपरेशन : वेगळा विमा काढावा का?



आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले दुबई, शारजा, रियाधला ड्रायव्हर, वेल्डर, हेल्पर म्हणून गेली आहेत. भगिनी घरकामाला गेल्या आहेत. तिकडे कुणाला हर्निया निघतो, कुणाला पित्ताशयात खडे, कुणाला मूळव्याध. मग कुणीतरी सांगतो, "खासगी पॉलिसी काढ, मग ऑपरेशन होईल." पैसे पाठवायचे सोडून माणूस उलट घरूनच पैसे मागवतो. म्हणून या वेळी हा विषय.

सरळ उत्तर असे : नोकरीच्या व्हिसावर असाल, तर स्वतःच्या खिशातून पॉलिसी काढण्याआधी मालकाने काढलेले विम्याचे कार्ड मागा.

कार्ड हा उपकार नाही

दुबईत २०१३ च्या ११ व्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा आहे. त्याचा हप्ता पगारातून कापता येत नाही. अबुधाबीत असा कायदा त्याही आधीपासून आहे. १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमान वगैरे उरलेल्या अमिरातींतही खासगी कंपन्यांतल्या आणि घरकाम करणाऱ्या कामगारांचा व्हिसा काढताना किंवा नवा करताना विमा सक्तीचा झाला आहे. सौदीतही खासगी कंपनीला कामगाराचा विमा काढावाच लागतो.

यात नवल वाटायला नको. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात प्रा. अदारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. कामगाराच्या आजारपणाचा भार मालकानेही उचलावा, हा विचार आपल्याला नवा नाही. मग तिकडे कार्ड मागायला लाजायचे कशाला?

ठरवून करायचे ऑपरेशन म्हणजे काय?

अपघातात रक्तस्राव झाला तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा लागतो. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध यांचे ऑपरेशन मात्र बहुतेक वेळा तारीख ठरवून करता येते. ठरवून करायचे म्हणजे गरजेचे नाही, असा अर्थ काढू नका. तारीख आपल्या हातात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अशा ऑपरेशनसाठी विमा कंपनीची आधी मंजुरी लागते. दुबईच्या सर्वांत साध्या योजनेत वर्षाला दीड लाख दिरहमपर्यंत खर्च मिळतो. दवाखान्यात भरती झाल्यास बिलाचा २० टक्के भाग रुग्णाला द्यावा लागतो, पण एका वेळी ५०० आणि वर्षभरात १,००० दिरहमपेक्षा जास्त नाही. पहिल्यांदाच विमा निघाला असेल, तर जुन्या आजाराच्या ठरवून करायच्या उपचाराला सहा महिने थांबावे लागते. तातडीचा प्रसंग आला तर ही अट आड येत नाही.

म्हणून कार्ड हातात आल्यावर चार गोष्टी विचारा :
१) माझे ऑपरेशन या कार्डात बसते का?
२) जुन्या आजाराला किती महिने थांबायचे?
३) मला किती पैसे भरावे लागतील?
४) कोणत्या दवाखान्यात कार्ड चालते?

मंजुरी लेखी घ्या. तोंडी "होईल" या शब्दावर भरती होऊ नका.

व्हिजिट व्हिसावर असाल तर

मालकाचे कार्ड नसते. प्रवास विमा अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो. आधीपासून माहीत असलेल्या हर्नियाचे ऑपरेशन त्यात होत नाही. व्हिजिट व्हिसावर नेऊन "नोकरी नंतर लावतो" म्हणणाऱ्या एजंटला म्हणूनच नकार द्या.

इथून जाताना

ज्यांचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा आहे, त्यांना नोकरीला जाताना प्रवासी भारतीय बिमा योजना घ्यावीच लागते. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आणि वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख मिळतात. भरती झाल्यास एका वेळी ५० हजार आणि एकूण १ लाखापर्यंत खर्च मिळतो. तिकडच्या खासगी दवाखान्यात ही रक्कम थोडीच आहे. म्हणून ही पॉलिसी मालकाच्या कार्डाची जागा घेत नाही. कागद मात्र घरी एक आणि जाणाऱ्याजवळ एक ठेवा.

सुट्टीत येऊन ऑपरेशन

थांबण्यासारखा आजार असेल, तर गावी येऊन ऑपरेशन करणे अनेकदा सोयीचे पडते. घरचे माणूस जवळ असते आणि विश्रांती मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो. काही ऑपरेशने मात्र सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. म्हणून तिकीट काढण्याआधी घरच्यांनी योजनेतल्या रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला विचारावे, किंवा १५५३८८ या नंबरवर फोन करावा. रेशनकार्डात नाव आहे ना, आधारवरचे नाव त्याच्याशी जुळते ना, हेही पाहून ठेवा.

आजार कळल्यावर इथे घाईने मेडिक्लेम काढण्यात अर्थ नाही. हर्निया, मोतीबिंदू, खडे, मूळव्याध यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. आजार लपवून पॉलिसी घेतली, तर क्लेम नाकारला जातो.

पण इथे थांबू नका

सुट्टीची वाट पाहणे कधी कधी जिवावर बेतते. हर्नियाची गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पित्ताशयात खडे आहेत आणि पोटदुखीबरोबर थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तरीही तसेच. मूतखड्यात ताप आला किंवा लघवी बंद झाली, तरीही तसेच. पाळीत फार रक्त जाऊन चक्कर येत असेल, तर भगिनींनी अंगावर काढू नये. अशा वेळी ते ठरवून करायचे ऑपरेशन राहत नाही. कार्ड दाखवा आणि भरती व्हा. नोकरी जाईल या भीतीने दुखणे लपवणारा माणूस शेवटी नोकरी आणि तब्येत दोन्ही गमावतो.

घरच्यांनी आज एवढेच करावे : तिकडे फोन लावावा आणि विम्याच्या कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवून घ्यावा. कार्ड मिळालेच नाही असे उत्तर आले, तर आजारपण येण्याची वाट न पाहता मालकाकडे ते मागायला सांगावे.