चुलीवरून घर

एका उंबऱ्याच्या आत तीन चुली नांदू शकतात, आणि तसे झाले की गाव त्या वाड्याला एक घर म्हणत नाही, तीन घरे म्हणते. दिंडी दरवाजा तोच, चौक तोच, आडाचे पाणीही तेच, पण माजघराच्या तीन कोपऱ्यांतून तीन धूर निघू लागले, की जे मोडू नये असे वडील मंडळींना वाटत होते ते मोडले, असे समजण्याची आपली वहिवाट आहे. ज्या भिंतींवर गवंड्याचे हात झिजतात आणि ज्या तुळयांपायी मालक कर्जबाजारी होतो, त्यांना या निर्णयात काडीचेही मत नसते. घर ही वास्तू खरी, परंतु तिचा प्राण कोठे वसतो हे विचारायचे झाल्यास उत्तर विटांत न शोधता राखेत शोधावे लागते, असे माझे फार दिवसांचे मत आहे, आणि त्या मताला आधार कवींपेक्षा वसुली कारकुनांचा अधिक मिळतो, ही त्यातली मौज.

आगपेटी दुर्मीळ होती त्या काळी विस्तव विझू न देणे हे गृहिणीचे नित्याचे काम होते. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून ते झाकायचे, पहाटे फुंकणीने जागे करायचे, आणि कधी दगा झालाच तर शेजारणीकडून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव आणायचा. ज्या दोन घरांचे इतके फाटले, की हा निखाराही मागता येऊ नये, त्यांच्यामधून ‘विस्तव जात नाही’ असे आपण अजूनही म्हणतो. घरात मृत्यू झाला म्हणजे चूल पेटत नाही, सोयरेधायरे कडू घास घेऊन येतात, आणि मृताच्या पुढे मडक्यातून जो अग्नी चालतो तो घरून नेलेला असतो. आनंदाच्या प्रसंगीही भाषा तीच: ज्याला सबंध कुटुंबासह जेवायला बोलवायचे त्याला चूलबंद आवतण जाते, म्हणजे तुमच्याकडे आज धूर निघण्याचे कारणच नाही.

हा केवळ आपल्या मुलखाचा संकेत असता तर त्याचे एवढे कौतुक करण्याचे कारण नव्हते. वैदिक आहिताग्नीच्या घरी तीन अग्नी असत, पण आहवनीय आणि दक्षिणाग्नी हे ज्यापासून प्रज्वलित व्हायचे त्या मूळ अग्नीचे नाव गार्हपत्य, म्हणजे गृहपतीचा. ग्रीकांची हेस्तिया ही चुलीचीच देवता, आणि नवी वसाहत स्थापण्यास निघालेले लोक मातृनगरीच्या सार्वजनिक अग्निकुंडातून विस्तव सोबत नेत. रोमच्या वेस्ता देवीचा अग्नी तर राष्ट्राची चूलच मानला जाई. घर आणि मंदिर या दोन्ही अर्थी असलेला लॅटिनमधील ‘एदेस’ हा शब्द, भाषाशास्त्रज्ञांच्या मते, आपल्या इंधन व समिधा यांच्याच धातुकुळातला. त्या लोकांच्या चुलीला नाव होते ‘फोकुस’. त्यापासून स्पॅनिशमध्ये ‘ओगार’ म्हणजे घर झाले, आणि १६०४ मध्ये केप्लरने किरण जेथे एकवटतात त्या बिंदूला तेच नाव दिल्यामुळे आपला छायाचित्रकार दिवसभर ज्या ‘फोकस’ची चिंता वाहतो ती वस्तुतः एका रोमन चुलीची चिंता असते.

मंगोलांचे घर नमद्याचे, उलगडून उंटावर लादता येणारे. तेथे भिंतींना महत्त्व यावे कसे? थोरले मुलगे आपापले कळप घेऊन दूर जात, बापाची चूल धाकट्याकडे राही, आणि म्हणून धाकट्याला ‘ओत्चिगिन’, म्हणजे अग्नीचा स्वामी, ही पदवी असे. चंगीझखानाचा धाकटा सख्खा भाऊ तेमुगे याच पदवीने इतिहासात ओळखला जातो. तुर्की भाषेत ‘ओजाक’ म्हणजे चूल, आणि कुळही. कुळ बुडाले, तर त्याची चूल विझली म्हणतात. जपानी भाषेत वेगळा संसार थाटणे म्हणजे ‘कामादो’ वाटणे, आणि कामादो म्हणजे आपली मातीची चूलच.

कवितेत हे शोभून दिसते. परंतु या सत्याची रोकड किंमत ठरवली ती सरकारांनी. १३२८ मध्ये फ्रान्सच्या राजाने आपल्या मुलखाची जी मोजदाद करविली तिच्यात माणसे मोजलेली नाहीत, चुली मोजलेल्या आहेत, आणि त्या चोवीस लाखांहून अधिक भरल्या. इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सचा खजिना रिकामा पडला तेव्हा १६६२ मध्ये दर चुलीमागे सालीना दोन शिलिंग अशी पट्टी बसली, सहामाही दोन हप्त्यांत. आणि हिची अंमलबजावणी करावयाची, तर तपासनिसाने प्रत्येकाच्या घरात शिरून शेगड्या मोजाव्या, याला उपाय नव्हता. या तपासनिसांनी जी दप्तरे मागे ठेवली ती आज इतिहाससंशोधकांचे धन आहेत. १६६६ च्या सप्टेंबरात ज्या भटारखान्यातून उठलेल्या आगीने लंडन भस्मसात केले, त्या पुडिंग लेनमधील भटाऱ्याच्या नावे पाच चुली आणि एक भट्टी अशी नोंद त्यांत सापडते, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो.

लोकांनी ही पट्टी चुकवण्यासाठी काय केले नाही? धुराडी विटांनी बुजवली. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या गावी एका भटारणीने १६८४ साली आपल्या भट्टीची वाट भिंत फोडून शेजाऱ्याच्या धुराड्यात काढली, आणि त्यातून लागलेल्या आगीत वीस घरे आणि चार माणसे जळाली. १६८९ मध्ये नव्या राजाराणीने पट्टी रद्द केली, तेव्हा कायद्याने कारण दिले ते केवळ पैशाचे नव्हे: परक्या माणसाने वाटेल तेव्हा घरात शिरून झडती घ्यावी, ही गुलामगिरीची खूण होय, असे त्याचे तात्पर्य होते. दोन शिलिंग कदाचित सोसले असते. चुलीपर्यंत आलेला परका सोसला नाही. आपल्याकडे पाहुण्याला ओटीवर पान-सुपारी मिळे, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडण्यास नाते लागे किंवा जात लागे, हे येथे सोयीस्करपणे विसरून चालणार नाही. जी चूल घरच्यांना एकत्र बांधते तीच बाहेरच्यांना मोठ्या कठोरपणे बाहेर ठेवते, आणि त्या कठोरपणाचा जाच ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला त्यांना हे सारे काव्य बेचव वाटले तर त्यात त्यांचा दोष नाही.

आपले कायदेपंडितही चुलीपाशीच बसलेले आढळतात. एकत्र हिंदु कुटुंबाची ओळख अन्न, देवपूजा आणि मिळकत या तिन्ही बाबतींतील ऐक्य अशी सांगितली गेली, आणि वाटणीच्या दाव्यात चूल केव्हा वेगळी झाली हा प्रश्न वादी-प्रतिवादींच्या साक्षीदारांना हमखास विचारला गेला. केवळ चूल वेगळी म्हणून वाटणी शाबीत होत नाही, असे न्यायालयांना वारंवार बजावावे लागले, यावरूनच लोकांची समजूत किती घट्ट होती ते दिसते. स्वतंत्र भारताच्या जनगणनेतही कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातले अन्न खाणारी माणसे. रक्ताचे नाते त्या व्याख्येत अनिवार्य नाही.

मग ज्याला छप्पर आहे पण चूल नाही त्याचे काय? मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या एकेका गावची माणसे एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस राहत, पाळीप्रमाणे आळीपाळीने निजत, ट्रंकेची जागा तेवढी स्वतःची; जेवण शेजारच्या खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबाने. या बायांनी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तोवर त्यांच्या श्रमाची कोणत्याही दप्तरी धड नोंद नव्हती. तीस वर्षे मुंबईत काढलेला तो गिरणी कामगार ‘घरी’ जायचा तो गणपतीला आणि शिमग्याला, रत्नागिरीकडे. लालबागच्या पत्त्याला तो आयुष्यभर ‘खोली’च म्हणत राहिला.

अलीकडे एका नव्या सदनिकेच्या गृहप्रवेशाला जाण्याचा योग आला. दिवे बसायचे होते, पंखे नव्हते, नळाला पाणी यावयाचे होते. पण विजेची शेगडी तेवढी आठवणीने आणली होती, आणि तिच्यावर पितळी नव्हे तर तिला चालेल असे पोलादी पातेले ठेवून यजमानीणबाई दूध उतू जाण्याची वाट पाहत उभ्या होत्या. ज्वाळा कोठेच नव्हती. दूध वर आले, काचेवर पसरले, करपल्याचा वास सुटला, आणि सर्वांनी समाधानाने पेढे खाल्ले. मग यजमानांनी सांगितले, की राहायला येण्याचा विचार नाही, पैसे गुंतवण्यासाठी घेतली आहे. आणि शेगडी पिशवीत घालून त्यांनी दाराला कुलूप लावले. २०११ च्या जनगणनेत देशातील तेहेतीस कोटी घरांपैकी सुमारे अडीच कोटींवर जो शेरा आहे तोच या दारावरही पडेल: ‘रिकामे’.