माठ, नदी आणि सदतीस अंश

माणूस लडाखच्या थंडीत राहो की चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, त्याच्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच असते. बाहेरचा पारा वर्षभरात कितीही खालीवर झाला, तरी निरोगी माणसाच्या आतला पारा अंशभराने हलला तर हलला. तो ३५च्या खाली उतरला, की शरीर थंडीपुढे हरू लागले असे समजावे. तो ४०च्या वर गेला आणि माणूस बरळू लागला, की तो उष्माघात. म्हणजे आपले सारे जगणे या चार-पाच अंशांच्या पट्ट्यात चालते.

हा पट्टा सांभाळणारे केंद्र मेंदूच्या तळाशी असते. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. थंडी वाजली की ते कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते, म्हणजे आतली ऊब आत राहते. तेवढ्याने भागले नाही तर स्नायूंना कुडकुडायला लावते, कारण स्नायू हलले की उष्णता तयार होते. उकडू लागले की याच्या उलट. रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त कातडीकडे धावते आणि घाम सुटतो. ही व्यवस्था उत्तम आहे, पण तिला वेळ लागतो. गार पाण्यात हा वेळ मिनिटांत मोजावा लागतो, तर उन्हात तासांत आणि दिवसांत. नेमका हाच हिशेब चुकतो आणि माणसे दगावतात.

आधी पाण्याचे पाहू. २० अंशांची हवा आपल्याला सुखद वाटते, पण २० अंशांच्या पाण्यात उतरले की दात वाजू लागतात. कारण पाणी हे हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. आता विचार करा, बद्रीनाथ किंवा गंगोत्रीला नदीचे पाणी थेट वितळलेल्या बर्फाचे असते. चारधाम यात्रेला आपल्याकडून दरवर्षी हजारो माणसे जातात आणि त्यात साठी ओलांडलेली पुष्कळ असतात. अशा पाण्यात एकदम बुडी मारली, तर पहिल्याच क्षणी एक जोराचा श्वास आपोआप आत ओढला जातो. तो आपल्या हाती नसतो. मग धाप लागते, नाडी पळू लागते, रक्तदाब चढतो. त्या पहिल्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत जाते. पट्टीचे पोहणारेही बुडतात, ते अनेकदा गारठून नव्हे, तर या पहिल्या धक्क्याने. हृदयरोग असणाऱ्याला तर हा धक्का पाण्याबाहेर डोके असतानाही महाग पडू शकतो.

पण हा धक्का टिकत नाही. दोन-तीन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. कॅनडातील शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यासाठी एक सोपे सूत्र सांगितले आहे: एक, दहा, एक. पहिले एक मिनिट श्वास आवरण्याचे. पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात बाहेर पडायचे. आणि डोके पाण्याबाहेर राहिले, तर शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणून पाण्यात पडल्यास सुरुवातीला जिवाच्या आकांताने हातपाय मारू नयेत. उताणे व्हावे, तोंड वर ठेवावे, श्वास आवरू द्यावा, मग काठ गाठावा. घाटावरची जुनी माणसे आधी पाय भिजवतात, मग हाता-तोंडावर पाणी घेतात आणि साखळी धरून पाण्यात उतरतात. त्यांची ही रीत शास्त्राला धरून आहे.

आता उन्हाकडे वळू. १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या डॉक्टरने एका अजब प्रयोगाची हकिगत मांडली. तो आणि त्याचे मित्र तापवलेल्या कोरड्या खोलीत शिरले होते. पारा सुमारे १२५ अंशांपर्यंत चढवलेला. त्या खोलीत ठेवलेली अंडी आणि मांसाचा तुकडा शिजून निघाला. माणसे मात्र काही मिनिटे थांबून आपल्या पायांनी बाहेर आली. त्यांना वाचवले ते घामाने.

घाम कसा वाचवतो हे आपल्याला माठ सांगतो. माठातून पाझरलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपले शरीर हाही एक माठच आहे. एक लिटर घाम कातडीवर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. पण घाम वाळला पाहिजे, नुसता ओघळून उपयोग नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी गारेगार होते, मुंबईच्या दमट हवेत ते जेमतेम थंड होते. शरीराचेही तसेच. म्हणून किनाऱ्यालगतचे ३८ अंश हे कोरड्या मुलखातल्या ३८ अंशांपेक्षा जड जातात. शिवाय हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो, डोक्यावरचे ऊन त्यात धरलेले नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला एका सोहळ्यात लोक कित्येक तास उघड्या मैदानात बसले होते. पारा चाळिशीच्या आतच होता. तरीही उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला.

उन्हाची सवय होते का? होते, पण तिला एक ते दोन आठवडे लागतात. रोज थोडे थोडे उन्हात काम केले, की रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. काही आठवडे सावलीत काढले की ही सवय मोडते. म्हणून बांधकामावर नव्याने आलेला मजूर, भरतीसाठी धावणारा तरुण, सुट्टीवरून परतलेला कामगार यांना पहिले काही दिवस सर्वाधिक धोका असतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कडक उन्हात पाचव्या हिश्श्याइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. मुकादमाने एवढे पाळले तरी काही घरे उघडी पडणार नाहीत.

आणि एवढे करूनही कुणी उन्हात कोसळलाच तर? माणूस असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या देत असेल किंवा बेशुद्ध असेल आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असे मानू नये. कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात घाम असूही शकतो. इथे तेच गार पाणी, जे नदीत जीव घेऊ शकते, जीव वाचवते. पाणी उष्णता झपाट्याने ओढून नेते, हाच त्याचा दोष आणि हाच त्याचा गुण. उन्हातून आलेल्यावर लगेच पाणी ओतू नये, असे आपल्याकडे सांगतात. धडधाकट माणसाने दोन मिनिटे टेकून मग हातपाय धुतले तर बिघडत नाही. उष्माघात झालेल्याला मात्र ती दोन मिनिटे परवडत नाहीत.

त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. मिळेल ते गार पाणी त्याच्या अंगावर ओतत राहा आणि जोराने वारा घाला. टाकी किंवा मोठे टब जवळ असेल, तर डोके वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. तापाची गोळी इथे उपयोगी नाही, कारण हा ताप नव्हे. कांदा हुंगवण्यातही वेळ दवडू नये. आधी अंग गार करायचे, मग दवाखान्याकडे न्यायचे, हा क्रम लक्षात ठेवावा. डॉक्टर येईपर्यंतची ती पहिली काही मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात, आणि त्याला लागते ती फक्त पाण्याची बादली.