दोघंही ‘हो’ म्हणाले, पुढे काय?

भांडून झालं, रडून झालं, आता वेगळं व्हायचं यावर दोघांचं एकमत आहे. गोंदियासारख्या छोट्या शहरात परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर नेमकं काय करायचं? आणि ‘स्टॅम्पपेपरवर लिहून मोकळे व्हा’ हा सल्ला का ऐकायचा नाही?

गोंदियात लग्नाला हजारभर माणसं सहज येतात. पत्रिका आमगाव-तिरोड्यापासून पार बालाघाटपर्यंत जातात. त्यामुळे हे लग्न काही टिकत नाही, असं कळतं तेव्हा नवरा-बायकोला भीती एकमेकांची नसते, त्या हजार माणसांची असते. मग वर्ष-दीड वर्ष उत्तरं देण्यात जातं. ‘ती परीक्षेसाठी माहेरी आलीये’, ‘त्याला पुण्याहून सुट्टीच मिळत नाही’. आणि एखाद्या रात्री फोनवर दोघंही शांतपणे म्हणतात, आता पुरे.

तिथे अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं कागदावरचं. ते घाईत किंवा लाजेखातर उरकलं तर पुढची कित्येक वर्षं मागे लागतं.

बैठकीतली फारकत

पहिला सल्ला वकील देत नाही, मोठे मामा देतात. “कोर्टाची पायरी कशाला चढता? बैठक बसवू. स्टॅम्पवर लिहा, चार पंचांच्या सह्या घ्या, नोटरी करा. झाली फारकत!”

ऐकायला सोपं आहे, पण नोटरी घटस्फोट देत नाही. कागदावरच्या सह्या कुणी केल्या, एवढंच तो बघतो. समाजात घटस्फोटाची जुनी रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ तिला मान्यता देतं, हे खरं. पण अशी रूढी होती आणि ती पाळली गेली, हे वेळ आली की कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही तर कायद्याच्या नजरेत पहिलं लग्न कायमच. त्यावर दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा ठरतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागात गोंड समाज मोठा आहे. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, तिथे रूढीच महत्त्वाची ठरते. बौद्ध, जैन, शीख मात्र याच कायद्यात येतात. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर कलम २८ खाली अर्ज होतो. म्हणून लग्न कोणत्या पद्धतीने झालं, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

कायदा काय मागतो?

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात ‘१३ ब’ हे कलम १९७६ मध्ये आलं आणि परस्पर संमतीने घटस्फोटाची वाट उघडली. अटी तीन. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. एकत्र राहणं शक्य नसावं. आणि लग्न संपवण्यावर दोघं राजी असावेत. कुणाची चूक, कुणाचा दोष, हे काहीच सिद्ध करावं लागत नाही. ‘वेगळं’ म्हणजे वेगळ्या घरातच, असंही नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तरी चालतं, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलंय.

अर्ज कुठे करायचा? लग्न जिथे लागलं किंवा दोघं शेवटचं जिथे एकत्र राहिले, तिथल्या कोर्टात. म्हणजे संसार पुण्यात झाला, पण लग्न गोंदियात लागलं असेल तर गोंदियातही अर्ज करता येतो. स्वतंत्र कुटुंब न्यायालय नसेल तिथे हे काम दिवाणी न्यायालयाच्या वरिष्ठ स्तरावर चालतं. तारखेला मात्र महाराष्ट्र एक्स्प्रेसने यायची तयारी ठेवा.

आधी वही, मग वकील

‘आमचं सगळं ठरलंय’ असं म्हणणाऱ्या जोडप्याला वकील चार प्रश्न विचारतात आणि बरंच काही ठरलेलं नाही, हे लक्षात येतं. म्हणून आधी एक वही घेऊन बसा.

आंदणातली भांडी, कपाट, गाडी कुणाकडे? दागिने कुठे आहेत? मुलीचं स्त्रीधन तिचंच, ते परत करणं म्हणजे उपकार नव्हे. पोटगी एकरकमी की महिन्याला, की नकोच? दोघांच्या नावावरचं कर्ज कोण फेडणार? मूल असेल तर ते कुणाकडे राहणार, दुसऱ्याला कधी भेटणार, शाळेचा खर्च कोण करणार? मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, तुमच्या भांडणातला वाटा नाही. आधी पोलिसांत तक्रार झाली असेल तर घटस्फोटाने ती आपोआप संपत नाही. ती रद्द करायला सहसा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे जावं लागतं. तेही लिहून ठेवा.

दोघांचा अर्ज एकच असतो, त्यामुळे अनेक जण एकाच वकिलाकडे जातात. पण छोट्या शहरात तो वकील कुणाच्या तरी काकांचा मित्र निघतो. सही करण्याआधी कागद आपल्या ओळखीच्या दुसऱ्या वकिलाला एकदा वाचायला द्या. फी पूर्ण कामाची की दर तारखेची, तेही पहिल्याच दिवशी विचारा.

दोन तारखा आणि मधला काळ

पहिल्या तारखेला दोघांचं म्हणणं नोंदवलं जातं. अर्ज केल्यापासून सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी जाऊन ‘आम्ही अजूनही ठाम आहोत’ असं सांगायचं. मग हुकूमनामा मिळतो. दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे असाल, देणंघेणं, मुलांचा ताबा सगळं मिटलं असेल आणि समेटाचे प्रयत्न फसले असतील, तर हे सहा महिने माफ करण्याची विनंती करता येते. २०१७ च्या अमरदीप सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही मुभा दिली. माफी द्यायची की नाही, हे न्यायाधीश ठरवतात.

हा मधला काळ नाजूक असतो. शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळे पैसे पहिल्याच दिवशी देऊ नका आणि सगळे शेवटावरही सोडू नका. टप्पे ठरवून अर्जातच लिहा. आणि या सहा महिन्यांत खरंच परत एकत्र यावंसं वाटलं, तर त्यातही लाज नाही. कायद्याने हा वेळ त्यासाठीच ठेवलाय.

आणि ती हजार माणसं?

त्यांचीही सोय कायद्यात आहे. कलम २२ प्रमाणे हे कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्याचा तपशील छापायला मनाई आहे. कोर्टाच्या आवारात कुणी ओळखीचं भेटेल, चहाच्या टपरीवर दोन दिवस चर्चाही होईल. होऊ द्या. बैठकीत तर सगळं गावच समोर बसलेलं असतं. कोर्टात निदान तुमचं म्हणणं फक्त ज्याला ऐकायचं तोच ऐकतो.

हे जवळ ठेवा

• लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, नोंदणी दाखला, दोघांची आधार कार्डं आणि पत्त्याचे पुरावे.

• केस दाखल झाली की सीएनआर क्रमांक मागून घ्या. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतः बघता येते.

• वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

• हुकूमनाम्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती काढा. पासपोर्ट, बँक, दुसरं लग्न, सगळीकडे लागतात. दुसऱ्या लग्नाची तारीख मात्र वकिलाला विचारूनच ठरवा.