वाळवंटांतील बागा व पाण्याचे नियम

पाण्याची काटकसर प्रथम कोठें करावी, असें वर्गांत विचारलें तर बहुतेक विद्यार्थी स्नानाचें, कपडे धुण्याचें व भांडीं घासण्याचें नांव घेतात. परंतु एका मोठ्या शहरानें या प्रश्नाचें उत्तर निराळेंच दिलें आहे. तेथें न्हाणीघरापेक्षां अंगणांतील हिरवळीवर अधिकाऱ्यांची नजर अधिक कडक असते. असें कां, हें समजून घेण्यासारखें आहे.

हें शहर म्हणजे अमेरिकेंतील नेव्हाडा संस्थानामधील लास व्हेगास. तें मोहावी नांवाच्या वाळवंटांत वसलें असून तेथें वर्षाकाठीं सरासरीनें चार-पांच इंचच पाऊस पडतो. शहराचें बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीवरील मीड सरोवरांतून येतें. हूवर धरणाचा बांध १९३५ सालीं पुरा झाला, त्यामागें हें सरोवर तयार झालें. या नदीवर सात संस्थानांचा हक्क आहे. १९२२ सालीं त्यांच्यांत करार झाला, व १९२८ च्या कायद्यानें नेव्हाडाच्या वांट्यास वर्षाला अवघें ३ लक्ष एकर-फूट पाणी ठेवण्यांत आलें. एक एकर जमीन एक फूट खोल बुडविण्यास जितकें पाणी लागतें, त्यास एकर-फूट म्हणतात. २००० सालापासून नदीच्या खोऱ्यांत दीर्घ अवर्षण सुरू झालें, सरोवर खालीं जाऊं लागलें, आणि हा तुटपुंजा वांटा पुरवून खाणें भाग पडलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लास व्हेगासमध्यें मोरींत गेलेलें पाणी गटारांतून शुद्धिकरणाच्या कारखान्यांत जातें, व तेथून निर्मळ होऊन पुन्हां सरोवरास मिळतें. जितकें पाणी परत केलें, तितकें पुन्हां उचलण्याची त्या शहरास मुभा आहे. हिरवळीवर शिंपडलेल्या पाण्याची गोष्ट तशी नाहीं. तें वाफ होऊन आकाशांत जातें, तें कायमचेंच. म्हणून तेथील नियमांचा रोख बागांवर आहे.

ते नियम असे: रविवारीं तुषारयंत्रानें बागेस पाणी देण्यास बंदी आहे. हिंवाळ्यांत आठवड्यांतून एकच दिवस, तर वसंत व शरद ऋतूंत तीन दिवस ठरवून दिलेले असतात. मे ते ऑगस्टपर्यंत सकाळीं ११ पासून सायंकाळीं ७ पर्यंत तुषारयंत्रें बंद ठेवावीं लागतात, कारण त्या उन्हांत पाणी मुळांशीं पोंचण्याआधींच उडून जातें. रस्त्यावर पाणी वाहूं दिल्यास दंड होतो. २००३ पासून नव्या घरांच्या पुढील अंगणांत हिरवळ लावतां येत नाहीं. उलट, जुनी हिरवळ काढून कमी पाण्याचीं झाडें लावणाऱ्या मालकास चौरस फुटाच्या हिशेबानें रोख मदत मिळते. अशा एका चौरस फुटामागें वर्षाला सुमारें ५५ गॅलन पाणी वांचतें. पुढें २०२१ च्या कायद्यानें, दुकानें, कचेऱ्या व रस्ते यांच्या कडेची केवळ शोभेची हिरवळ नदीच्या पाण्यावर पोसण्यास ३१ डिसेंबर २०२६ ही शेवटची मुदत घालून दिली. घरमालकांच्या स्वतःच्या अंगणांस व मुलांच्या खेळाच्या मैदानांस त्यांतून वगळलें आहे.

या उपायांस यश आलें आहे. २००२ नंतर तेथील वस्ती सात लक्षांहून अधिक वाढली, तरी नदीचें पाणी पूर्वीपेक्षां कमी खर्च होतें. मात्र यांत एक धोकाहि आहे. हिरवळीच्या पाण्यावर वाढलेल्या जुन्या वृक्षांस निराळें पाणी न दिल्यास ते वाळतात, आणि भाजणाऱ्या उन्हांत सांवली नाहींशी होते. म्हणून झाडांच्या मुळांशीं थेंब-थेंब पाणी देण्याची व्यवस्था हिरवळ काढण्यापूर्वींच केली पाहिजे.

हे नियम आपण जसेच्या तसे उचलावे, असें मी म्हणत नाहीं. आपल्याकडे पुष्कळ गांवीं मोरीचें पाणी तलावांत परत जात नाहीं. तेव्हां येथें न्हाणीघरांतील काटकसरहि तितकीच महत्त्वाची आहे. परंतु पाणी वापरल्यावर पुढें कोठें जातें, हा प्रश्न सर्वत्र सारखाच लागू आहे. परसांतील केळीच्या व अळवाच्या बुंध्याशीं मोरीचें पाणी सोडणाऱ्या आपल्या आजीनें तो केव्हांच सोडविला होता. विद्यार्थ्यांनो, आज घरीं गेल्यावर आपल्या मोरीचें पाणी कोठवर जातें, तें एकदां स्वतः पाहून या.